सीलिॲक आजार: प्रकार आणि निदान

गव्हाच्या कणकेचा एक गोळा अर्धा तास भिजत ठेवा आणि मग नळाच्या बारीक धारेखाली तो चेपत राहा. आधी पांढरे पाणी वाहून जाते. तो स्टार्च. शेवटी हातात एक चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरतो. तोच ग्लुटेन. पोळी लाटताना फाटत नाही आणि पाव फुगून तसाच राहतो, ते याच्यामुळे. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्याने मळावे लागते आणि भाकरी थापावी लागते.

काही माणसांच्या शरीराला हे प्रथिन सहन होत नाही. त्यांनी गहू खाल्ला की त्यांची स्वतःची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. या विकाराला सीलिॲक आजार म्हणतात. तो ॲलर्जी नाही आणि विषबाधाही नाही. तो स्वप्रतिरक्षा विकार आहे, म्हणजे टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडच्या काही आजारांच्या कुळातला. बोलताना सर्रास ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हटले जाते आणि कधीकधी डॉक्टरही सोपे पडावे म्हणून तसेच सांगतात. हा शब्द तुम्ही वापरू नये असे मला वाटते, कारण त्याने दोन चुकीच्या समजुती पसरतात. एक, थोडेसे खाल्ले तर चालते. दोन, काही काळाने बरे वाटले की पुन्हा गहू सुरू करता येतो.

एक उदाहरण सोबत घेऊन चालू. समजा, तुमच्या वसतिगृहात १९ वर्षांची एक मैत्रीण आहे. तिचे हिमोग्लोबिन ८ च्या आसपास. दोन वर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वर येत नाही. जुलाब नाहीत, पोटाची विशेष तक्रार नाही. उंची बहिणीपेक्षा थोडी कमी. घरचे म्हणतात, नीट खात नाही. तिला सीलिॲक आजार असू शकेल का, आणि असल्यास तो कसा ओळखायचा, हे या टिपणातून तुम्हाला सांगता यायला हवे.

आतड्यात नेमके काय घडते

ग्लुटेन हे एक प्रथिन नसून प्रथिनांचा समूह आहे. गव्हातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन, जवातील हॉर्डेइन आणि राय या धान्यातील सेकॅलिन ही एकमेकांची भावंडे. या सर्वांत प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्ले फार असतात. आपली पाचक एंझाइमे प्रोलिनच्या जवळचे बंध नीट तोडू शकत नाहीत, त्यामुळे काही लांब तुकडे न पचता तसेच राहतात. त्यांतला ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा विशेष अभ्यासला गेला आहे. हे अर्धवट पचन तुमच्या-माझ्या पोटातही होते, म्हणजे आजाराचे कारण एवढेच नाही.

हे तुकडे आतड्याच्या अस्तरापलीकडे गेले की तिथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे एंझाइम त्यांच्यातील काही ग्लुटामिनचे ग्लुटामिक आम्लात रूपांतर करते. तुकड्यावर ऋण प्रभार येतो. आता जनुकांचा भाग सुरू होतो. आपल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू असतात आणि बाहेरून आलेल्या प्रथिनांचे तुकडे ते टी-पेशींना दाखवतात. त्यांपैकी डीक्यू२ आणि डीक्यू८ या दोन प्रकारांची खाच अशी असते की हा ऋण प्रभाराचा तुकडा तिच्यात घट्ट बसतो. टी-पेशी तो पाहतात, चवताळतात, दाह निर्माण करणारी रसायने सोडतात आणि बी-पेशींना प्रतिपिंडे बनवायला लावतात. ही प्रतिपिंडे फक्त ग्लायडिनच्या विरुद्ध नसतात. ज्या एंझाइमने तुकडा बदलला त्याच्याही विरुद्ध असतात. रक्तचाचणीत आपण जे शोधतो ते हेच.

परिणाम असा की लहान आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, ज्यांना व्हिलाय म्हणतात, हळूहळू झिजून सपाट होतात आणि त्यांच्यामधल्या खाचा, म्हणजे क्रिप्ट, खोल होत जातात. शोषणाचे क्षेत्रफळ घटते. सर्वांत जास्त इजा जठराला लागून असलेल्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये होते, आणि लोहाचे शोषणही मुख्यतः तिथेच होते. मैत्रिणीच्या गोळ्या का लागू पडत नाहीत, याचा एक धागा इथे मिळतो.

थोडा इतिहास

लंडनचे बालरोगतज्ज्ञ सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले. रुग्ण बरा व्हायचा असेल तर आहारातूनच होईल, हे त्यांनी ओळखले होते. तरीही त्यांच्या पथ्यात पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेला पाव होताच. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला आणि मुले खरोखर सुधारली. श्रेय केळ्यांना मिळाले. खरे कारण हे की केळी खाताना गहू बंद होता. मुले ‘बरी’ होऊन पुन्हा पाव खाऊ लागत आणि आजार परत येई.

गव्हावर बोट ठेवले ते विलेम डिके या डच डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, तेव्हा सीलिॲकची मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर बिघडली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी. डिके यांना गव्हाचा संशय त्याआधीच, तिसाच्या दशकात आला होता आणि ते गहू वगळून प्रयोग करत होते. युद्धाने त्या संशयाला बळ दिले. १९५० मध्ये त्यांनी उट्रेख्ट विद्यापीठात यावर प्रबंध सादर केला. त्यानंतर काही वर्षांतच तोंडावाटे नळी घालून आतड्याचा नमुना घेण्याची सोय झाली आणि सपाट झालेले अस्तर प्रत्यक्ष दिसले. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे प्रतिपिंडांचे लक्ष्य असल्याचा शोध १९९७ चा. आजच्या निदानाचा पाया तो आहे.

आजाराचे प्रकार

जुन्या पुस्तकांत तुम्हाला ‘टिपिकल’, ‘ॲटिपिकल’, ‘सायलेंट’, ‘लेटंट’ असे शब्द भेटतील. अडचण अशी झाली की ‘लेटंट’ हा शब्द वेगवेगळे लेखक वेगवेगळ्या अर्थांनी वापरू लागले. म्हणून ऑस्लो येथे तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ठरवलेल्या व्याख्या २०१३ मध्ये छापून आल्या. परीक्षेत जुने शब्द विचारले जातात, तेव्हा ते ओळखता यावेत. स्वतः लिहिताना ऑस्लोचे शब्द वापरा.

क्लासिकल प्रकारात अन्नशोषणाचा अभाव ढळढळीत दिसतो: जुनाट जुलाब, चिकट व दुर्गंधीयुक्त मळ, वजन घटणे, आणि लहान मुलांत फुगलेले पोट, बारीक हातपाय, खुंटलेली वाढ व चिडचिड. पूर्वी सीलिॲक म्हणजे हेच चित्र असा समज होता. म्हणून ज्याला जुलाब नाहीत त्याची तपासणीच होत नसे.

नॉन-क्लासिकल प्रकारात तक्रारी असतात, पण अपशोषणाचे हे चित्र नसते. इथे थोडे थांबू या, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. रुग्ण पोटाच्या डॉक्टरकडे जातच नाही. लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर तो फिजिशियनकडे जातो. उंची वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञाकडे. मूल होत नसेल किंवा वारंवार गर्भपात होत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. हाडे ठिसूळ होऊन कमी वयात फ्रॅक्चर झाले तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे. यकृताची एंझाइमे विनाकारण वाढलेली सापडतात. तोंडात वारंवार छाले येतात, दातांच्या इनॅमलवर दोष दिसतात. काहींना तर बद्धकोष्ठता असते, आणि बद्धकोष्ठता असलेल्या माणसात सीलिॲक कोण शोधणार! आपली मैत्रीण या गटात बसते.

याच ठिकाणी दोन विशेष रूपे सांगायला हवीत. पहिले त्वचेचे, डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. कोपर, गुडघे, नितंब, पाठ यांवर अतिशय खाजणारे बारीक फोड सममितीने उठतात. नाव हर्पीससारखे असले तरी विषाणूशी त्याचा संबंध नाही. निदानासाठी फोडाच्या शेजारच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा तुकडा घेऊन त्यात आयजीए प्रतिपिंडांचे कणाकणांनी झालेले साठे शोधतात. इथे प्रतिपिंडांचे लक्ष्य टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजचेच त्वचेतले भावंड असते. डॅप्सोन या गोळीने खाज झपाट्याने थांबते, पण त्याने आतडे सुधारत नाही, म्हणून गहू बंद करणे आवश्यकच. दुसरे रूप मेंदूचे, ग्लुटेन ॲटॅक्सिया. लहान मेंदूवर परिणाम होऊन चालताना तोल जातो.

सबक्लिनिकल प्रकारात रुग्णाला जाणवण्याजोगी तक्रार नसते. काहीही लक्षण नसेल तर त्याला ॲसिम्प्टोमॅटिक म्हणतात आणि जुना ‘सायलेंट’ शब्द बहुधा यासाठीच वापरला जाई. अशी माणसे कशी सापडतात? रुग्णाच्या आईवडिलांची व भावंडांची तपासणी केली म्हणून, किंवा टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा स्वप्रतिरक्षा विकार, डाउन सिंड्रोम, टर्नर सिंड्रोम असलेल्यांची चाचणी केली म्हणून. लक्षात घ्या, यांचे आतड्याचे अस्तर खराब झालेले असते. तक्रार नाही म्हणजे इजा नाही, असे नव्हे. गंमत अशी की ग्लुटेन बंद केल्यावर यांपैकी अनेक जण सांगतात, आपण इतके थकलेले असायचो हे आता कळले.

पोटेन्शियल प्रकारात रक्तातील प्रतिपिंडे सकारात्मक असतात, पण बायोप्सीत व्हिलाय शाबूत दिसतात. यांतल्या काहींना पुढे पूर्ण आजार होतो, काहींची प्रतिपिंडे आपोआप नाहीशी होतात. तक्रार नसेल तर अशा व्यक्तीला लगेच आयुष्यभराच्या पथ्यावर घालायचे की लक्ष ठेवून थांबायचे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. ठरावीक काळाने तपासणी मात्र हवीच.

सेरोनेगेटिव्ह प्रकार दुर्मीळ. अस्तर झिजलेले आहे, पण रक्तात प्रतिपिंडे नाहीत. हे निदान सर्वांत शेवटी, बाकीची सगळी कारणे वगळून करायचे असते. रिफ्रॅक्टरी प्रकाराबद्दल पुढे येईल.

निदान: पहिली पायरी, रक्त

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आपल्या मैत्रिणीने मोबाइलवर काहीतरी वाचून महिनाभर पोळी सोडली, थोडे बरे वाटले, चार-सहा महिने तसेच काढले आणि मग रक्त दिले, असे समजा. प्रतिपिंडे ग्लुटेनच्या उत्तरादाखल बनतात. ग्लुटेन थांबले की ती उतरू लागतात आणि अस्तर भरून येऊ लागते. अहवाल ‘नॉर्मल’ येईल. ती निर्धास्त होऊन पुन्हा पोळी खाईल आणि रक्तक्षय चालू राहील. पुरावा तिने स्वतःच पुसून टाकलेला असेल.

पहिली चाचणी म्हणजे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंड. प्रयोगशाळेच्या कागदावर तिला टीटीजी-आयजीए म्हणतात. तिच्याबरोबर रक्तातील एकूण आयजीए मोजणे आवश्यक असते आणि नेमकी हीच चाचणी पुष्कळदा पैसे वाचवण्यासाठी वगळली जाते. कारण असे: सीलिॲकच्या रुग्णांपैकी साधारण २ ते ३ टक्के लोकांत आयजीए हा प्रतिपिंडवर्गच जन्मतः जवळजवळ नसतो. त्यांची टीटीजी-आयजीए चाचणी आजार असूनही नकारात्मक येणारच. अशा वेळी आयजीजी वर्गावर आधारित चाचणी करावी लागते.

दुसरी चाचणी एंडोमायसियल प्रतिपिंडांची, म्हणजे ईएमए. हिच्यात माकडाच्या अन्ननलिकेच्या किंवा माणसाच्या नाळेच्या ऊतीवर रुग्णाचे रक्तद्रव टाकून सूक्ष्मदर्शकाखाली चमक पाहतात. ती फार विशिष्ट आहे, म्हणजे निरोगी माणसात क्वचितच सकारात्मक येते, पण महाग आणि पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून. जुनी ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडांची चाचणी आता वापरू नये. ती अनेक निरोगी लोकांतही सकारात्मक येते.

मग टीटीजी सकारात्मक आली की निदान झाले का? थोडे गणित करू. सोयीसाठी धरा की चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के आणि विशिष्टता ९८ टक्के आहे. ज्या लोकसमूहात शंभरात एकाला आजार आहे तिथल्या १०,००० जणांना चाचणी केली. १०० रुग्णांपैकी ९५ सापडतील. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकी २ टक्के, म्हणजे १९८ जणही सकारात्मक येतील. सकारात्मक आलेल्या २९३ जणांत खरे रुग्ण ९५, म्हणजे तिघांत एक. आता हीच चाचणी रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांत करा आणि तिथे दहात एकाला आजार आहे असे धरा. १०,००० पैकी १,००० रुग्ण, त्यांतले ९५० सकारात्मक. ९,००० निरोगी, त्यांतले १८० सकारात्मक. आता १,१३० पैकी ९५० खरे. चाचणी तीच, किट तेच, अहवालावरचा शब्दही तोच. बदलले ते फक्त तुम्ही ती कोणाला केली. म्हणून केवळ टीटीजीच्या सौम्य सकारात्मक अहवालावर कोणाचा आयुष्यभराचा गहू बंद करू नये.

भारताच्या बाबतीत हे गणित विशेष लागू पडते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशाच्या तीन भागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले गेले. सीलिॲकची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. डीक्यू२ किंवा डीक्यू८ बाळगणाऱ्यांचे प्रमाण मात्र तिन्हीकडे जवळपास सारखे, साधारण तिसऱ्या हिश्शाच्या घरात. फरक होता ताटात: उत्तरेत माणशी रोजचा गहू ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्येचा आकडा पाहिला की एकट्या गव्हाच्या प्रमाणाने सगळे उलगडत नाही हेही दिसते. तरी एवढे ध्यानात ठेवा की ग्वाल्हेरला शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा रक्तक्षय आणि तंजावरला शिकणाऱ्याचा रक्तक्षय यांमागे सीलिॲक असण्याची शक्यता एकसारखी नाही. महाराष्ट्रात तर पोळी, भाकरी आणि भात एकाच घरात असतात, तेव्हा आधी ताटाची चौकशी करा.

दुसरी पायरी, बायोप्सी

तोंडावाटे दुर्बीण घालून ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि त्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घेतात. इतके का? कारण इजा सलग नसते, ठिपक्याठिपक्यांनी असते. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा निघाला तर निदान हुकेल. तुकडा उभा कापला जाणेही महत्त्वाचे. तिरका कापला तर निरोगी व्हिलायही आखूड दिसतात.

पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टी पाहतो: अस्तराच्या पेशींमध्ये घुसलेल्या लिम्फोसाइटची संख्या, क्रिप्टची खोली आणि व्हिलायची उंची. निरोगी अस्तरात व्हिलसची उंची क्रिप्टच्या सुमारे तिप्पट किंवा अधिक असते. यावरून मायकेल मार्श यांनी १९९२ मध्ये पायऱ्या मांडल्या आणि ओबरह्युबर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्या सुधारल्या. मार्श ० म्हणजे नॉर्मल. मार्श १ मध्ये फक्त लिम्फोसाइट वाढलेले. मार्श २ मध्ये त्याबरोबर क्रिप्टही लांबलेले. मार्श ३ मध्ये व्हिलाय झिजलेले, आणि त्याचे तीन पोटभेद: ‘अ’ अंशतः, ‘ब’ बऱ्याच अंशी, ‘क’ पूर्ण सपाट. मार्श १ एकटे सापडले तर फारसे अर्थ काढू नका. हेलिकोबॅक्टरचा संसर्ग, वेदनाशामक गोळ्या, असे बरेच काही ते घडवू शकते.

मार्श ३ देखील सीलिॲकची सही नव्हे, हे भारतात विशेष सांगावे लागते. ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डियाचा संसर्ग, आतड्याचा क्षयरोग, क्रोन्स आजार, प्रतिकारशक्तीचे काही जन्मजात विकार, एवढेच काय, ओल्मेसार्टन हे रक्तदाबाचे औषधसुद्धा असे चित्र निर्माण करू शकते. म्हणून प्रतिपिंडे आणि बायोप्सी ही दोन साक्षीदारांसारखी एकत्र वाचायची. दोघांची साक्ष जुळली आणि ग्लुटेन बंद केल्यावर रुग्ण सुधारला, तर निदान पक्के.

मुलांना दुर्बीण टाळता येते का? युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत काही मुलांसाठी तशी मुभा दिली आहे. टीटीजी-आयजीए वरच्या मर्यादेच्या १० पट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या वेळी स्वतंत्रपणे घेतलेल्या रक्तात ईएमएही सकारात्मक आले, तर पालकांशी चर्चा करून बायोप्सीशिवाय निदान करता येते. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटची मोजपट्टी सारखी नसते, त्यामुळे १० पट म्हणजे नेमके किती हा प्रश्न उरतो. मोठ्या माणसांत बहुतेक ठिकाणी अजून बायोप्सी केली जाते.

जनुकचाचणी कशासाठी

डीक्यू२ आणि डीक्यू८ ही चाचणी अनेकदा चुकीच्या हेतूने केली जाते. सीलिॲकच्या जवळजवळ सर्व रुग्णांत यांपैकी एक असतेच, ९० टक्क्यांहून अधिकांत डीक्यू२. पण ती निरोगी लोकांतही तिसऱ्या हिश्शाला असतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना आजार होतो. म्हणून चाचणी सकारात्मक आली तर हाती काहीच लागत नाही. दोन्ही नसली तर सीलिॲक जवळपास निश्चितपणे नाकारता येतो. तिचा उपयोग नाकारण्यासाठी आहे. रक्त आणि बायोप्सी यांचा मेळ बसत नसेल, किंवा रुग्णाने आधीच गहू सोडलेला असेल, तेव्हा ती कामाची.

आपल्या मैत्रिणीने गहू सोडला आहे आणि तिच्यात डीक्यू२ सापडले, तर पुढे? तिला पुन्हा ग्लुटेन खायला घालून तपासावे लागते. याला ग्लुटेन चॅलेंज म्हणतात आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा. दिवसाला किमान ३ ग्रॅम ग्लुटेन निदान दोन आठवडे, आणि सोसवत असेल तर सहा ते आठ आठवडे. ३ ग्रॅम म्हणजे किती? एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, तिच्यात १२ टक्क्यांच्या आसपास प्रथिन आणि त्यातला सुमारे पाऊण ते चार-पंचमांश भाग ग्लुटेन. म्हणजे रोज एक-दीड पोळी. ऐकायला किरकोळ, पण काहींना पहिल्या दोन दिवसांतच पोटदुखी आणि उलट्या सुरू होतात.

गव्हाने त्रास होणारे सगळेच सीलिॲकचे नसतात, हेही इथेच सांगून टाकतो. खरी गव्हाची ॲलर्जी आयजीई प्रतिपिंडांमुळे होते. मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. तिची चाचणी वेगळी. काहींना गव्हाने पोट फुगते, डोके दुखते, पण प्रतिपिंडे नाहीत आणि अस्तरही चांगले. याला नॉन-सीलिॲक ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी म्हणतात आणि त्याची स्वतंत्र चाचणी नाही.

निदानानंतर, आणि सुधारणा होत नसेल तर

उपचार एकच: आयुष्यभर गहू, जव आणि राय बंद. प्रमाणाचा अंदाज घ्या. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर अस्तराला इजा होते, असे एका नियंत्रित प्रयोगात दिसले. वरच्या हिशेबाने हा एका पोळीचा पन्नासावा भाग झाला. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ छापायचे तर पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, ते यासाठीच.

मराठी स्वयंपाकघर एका अर्थी भाग्यवान आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा सगळे हाताशी असते. पण गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळलेली ज्वारी चालणार नाही. सातूच्या पिठात आणि बऱ्याच घरच्या भाजणीत गहू असतो. डबीतल्या कुटलेल्या हिंगात पुष्कळदा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. रवा, शेवया, दलिया ही गव्हाचीच रूपे आहेत हे सांगूनही रुग्ण विसरतात, आणि उपासाच्या दिवशी मात्र आपोआप पथ्य पाळले जाते!

वर्षभर पथ्य पाळूनही तक्रारी तशाच असतील तर पहिला संशय रिफ्रॅक्टरी आजाराचा घ्यायचा नाही, हिंगाचा आणि गिरणीचा घ्यायचा. नकळत पोटात जाणारे ग्लुटेन हे सर्वांत सामान्य कारण. त्यानंतर मूळ निदान बरोबर होते का ते पुन्हा पाहायचे. हे सगळे वगळल्यावर, १२ महिन्यांहून अधिक काटेकोर पथ्यानंतरही अपशोषणाची लक्षणे आणि झिजलेले व्हिलाय कायम असतील, तर त्याला रिफ्रॅक्टरी सीलिॲक म्हणतात. त्याचे दोन प्रकार. पहिल्यात अस्तरात घुसलेले लिम्फोसाइट नेहमीसारखेच असतात आणि स्टिरॉइडसारख्या औषधांना प्रतिसाद मिळतो. दुसऱ्यात हे लिम्फोसाइट एकाच विकृत पेशीची संतती असतात, त्यांच्या पृष्ठभागावर सीडी३ ही खूण नसते, आणि त्यातून आतड्याचा लिम्फोमा होण्याचा धोका मोठा असतो. ही स्थिती क्वचित, बहुतेक मोठ्या वयात, आढळते.

मैत्रिणीकडे परत येऊ. चॅलेंजनंतर तिचे टीटीजी चढले, बायोप्सीत मार्श ३ ‘ब’ आले, पथ्य सुरू झाले, असे धरा. आता तेच लोह लागू पडू लागते आणि हिमोग्लोबिन वर येते. टीटीजी उतरायला सहा महिने ते वर्षभर किंवा त्याहून अधिक लागू शकते. टीटीजी नॉर्मल झाले म्हणजे अस्तर पूर्ण भरले असे मात्र नाही. मुलांत ते लवकर भरते, मोठ्यांत कधीकधी काही वर्षे जातात. दरम्यान तिच्या आईवडिलांचे आणि उंच, ठणठणीत बहिणीचेही टीटीजी करायचे आहे, गहू चालू असतानाच. बहिणीचे नकारात्मक आले तरी काही वर्षांनी किंवा तक्रार उद्भवल्यास ते पुन्हा करावे लागेल. तिच्यात डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नाहीत असे दिसले, तर पुन्हा करायची गरज नाही.